फॅनी मे, फ्रेडी मॅक आणि भागधारकांचे हक्क: न्यायाधीश पक्षपाती होते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळात हा वाद आहे तरी कशाचा?

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या अमेरिकेतल्या गृहकर्ज क्षेत्रातल्या दोन अवाढव्य कंपन्या. २००८ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने त्यांचा ताबा घेतला. २०१२ मध्ये सरकारने स्वतःशीच एक करार बदलून घेतला आणि तेव्हापासून या कंपन्यांचा जवळजवळ सगळा नफा दर तिमाहीला सरकारी तिजोरीत जाऊ लागला. कंपन्यांचे शेअर लोकांकडे तसेच होते, बाजारात त्यांची खरेदी-विक्रीही चालू होती, पण त्या शेअरच्या मागे काही उरलं नव्हतं. भागधारक कोर्टात गेले आणि एकामागून एक दावे हरत गेले. तेव्हापासून त्यांच्यात एक प्रश्न सतत विचारला जातो: न्यायाधीश आधीच सरकारच्या बाजूचे होते का?

या पानावर त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. माझं मत मी लपवलेलं नाही. भागधारकांवर अन्याय झाला असं मला वाटतं, पण तो न्यायाधीशांच्या मनातल्या पूर्वग्रहामुळे झाला असं वाटत नाही.

या कंपन्या सरकारी आहेत की खासगी?

दोन्ही आहेत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. फॅनी मे १९३८ साली, रूझवेल्ट यांच्या काळात, सरकारी संस्था म्हणून जन्माला आली. १९६८ मध्ये तिचं खासगीकरण झालं आणि ती भागधारकांच्या मालकीची कंपनी बनली. फ्रेडी मॅक १९७० साली अमेरिकी संसदेच्या कायद्याने स्थापन झाली आणि १९८९ मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्क शेअर बाजारात आले. या कंपन्या कोणाला थेट घरकर्ज देत नाहीत. बँकांनी दिलेली कर्जं त्या विकत घेतात, त्यांची मोट बांधून रोखे काढतात आणि कर्जदाराने हप्ते थकवले तरी रोखेधारकाला पैसे मिळतील अशी हमी देतात.

या हमीमागे सरकार उभं आहे असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. गुंतवणूकदार मात्र तसं धरून चालले होते, आणि २००८ मध्ये त्यांचा तो समज खरा ठरला.

२००८ मध्ये नेमकं काय झालं? हा कन्झर्व्हेटर कोण?

३० जुलै २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी गृहनिर्माण आणि अर्थव्यवस्था सावरण्याच्या कायद्यावर सही केली. पुढे सोयीसाठी त्याला ‘२००८ चा कायदा’ म्हणू. या कायद्याने एफएचएफए नावाची नवी नियामक संस्था तयार केली आणि तिला या दोन कंपन्यांवर कन्झर्व्हेटर, म्हणजे ताबेदार-राखणदार, म्हणून बसण्याचा अधिकार दिला. कायद्यावरची शाई पुरती वाळायच्या आत, ६ सप्टेंबरला, तो अधिकार वापरला गेला. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री हेन्री पॉलसन आणि नियामक जेम्स लॉकहार्ट यांनी तशी घोषणा केली. कंपन्यांच्या संचालक मंडळांनी संमती दिली. आणि अशी संमती दिल्याबद्दल संचालकांना भागधारकांपुढे जबाबदार धरता येणार नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात होती.

सातबाऱ्यावर अ.पा.क. ही नोंद ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कन्झर्व्हेटरची कल्पना चटकन कळेल. अज्ञान मुलाची जमीन पालनकर्ता सांभाळतो, कसतो, उत्पन्नाचा हिशेब ठेवतो, पण जमीन मुलाचीच राहते. अमेरिकी कायद्याच्या परंपरेतही कन्झर्व्हेटरची कल्पना शतकभर अशीच होती. या प्रकरणात भागधारकांची सगळी बाजू याच गृहीतकावर उभी होती.

सरकारने पैसे घातले, कंपन्यांनी ते परतही केले. मग कर्ज फिटलं कसं नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे. सरकारने दिलेला पैसा कर्ज नव्हता. अर्थखात्याने, म्हणजे ट्रेझरीने, वरिष्ठ प्रेफर्ड शेअर, म्हणजे बाकी सगळ्या भागधारकांच्या आधी लाभांश मिळणारे शेअर, घेतले. सुरुवातीला प्रत्येक कंपनीसाठी १०० अब्ज डॉलरपर्यंतची हमी होती, ती मे २००९ मध्ये २०० अब्ज झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुढच्या तीन वर्षांसाठी मर्यादाच काढून टाकली गेली. मोबदल्यात ट्रेझरीला वर्षाला १० टक्के लाभांश आणि साधारण शेअरपैकी ७९.९ टक्के नाममात्र किमतीत घेण्याचा हक्क मिळाला. लाभांश कितीही भरला तरी मुद्दल कमी होणार नाही, अशी अट होती.

२०१२ पर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे १८७ अब्ज डॉलर उचलले होते. त्यावरचा वर्षाचा लाभांश जवळपास १९ अब्ज होत होता. एवढी कमाई नसलेल्या तिमाहीत कंपन्या ट्रेझरीकडून पैसे उचलायच्या आणि त्यातूनच ट्रेझरीचा लाभांश भरायच्या. त्यामुळे मुद्दल आणखी वाढायचं. हे चक्र तोडण्यासाठीच करार बदलला, असं सरकारचं म्हणणं.

१७ ऑगस्ट २०१२ ची तिसरी दुरुस्ती ती हीच. १० टक्क्यांऐवजी, ठरावीक आणि दरवर्षी घटत जाणारी गंगाजळी सोडून, कंपनीची उरलेली सगळी निव्वळ मालमत्ता दर तिमाहीला ट्रेझरीकडे जायची. सही करणारे दोन्ही पक्ष सरकारीच: एका बाजूला ट्रेझरी, दुसऱ्या बाजूला कन्झर्व्हेटर एफएचएफए.

वेळही लक्षात घ्या. घरांच्या किमती तेव्हा सावरू लागल्या होत्या. फॅनी मेच्या पुस्तकांत करसवलतीची एक मोठी रक्कम ‘वापरता येणार नाही’ म्हणून शून्य धरलेली होती. नफा परत दिसू लागताच ती मालमत्ता म्हणून पुन्हा धरता येणार होती. २०१३ च्या पहिल्या तिमाहीत ती धरली गेली आणि फॅनी मेचा त्या एका तिमाहीचा नफा ५८.७ अब्ज डॉलरवर गेला. पाठोपाठ जूनमध्ये ५९.४ अब्ज डॉलर ट्रेझरीकडे रवाना झाले. अशी शक्यता आहे हे दुरुस्तीच्या काही दिवस आधीच ट्रेझरीला सांगितलं होतं, अशी साक्ष फॅनी मेच्या तेव्हाच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने नंतर शपथेवर दिली. २०१९ पर्यंत ट्रेझरीला मिळालेली एकूण रक्कम ३०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती, आणि तरीही कागदावर मुद्दल एका डॉलरनेही कमी झालं नव्हतं.

मग कोर्टाने हे सरळ रद्द का केलं नाही?

कारण २००८ च्या कायद्यात भागधारकांच्या वाटेवर दोन दारं बंद करून ठेवलेली आहेत.

पहिलं दार मनाईचं. कायद्याच्या कलम ४६१७ मधलं एफ उपकलम सांगतं की कन्झर्व्हेटर म्हणून एफएचएफए जे अधिकार वापरते, त्यांना अडवणारी किंवा त्यांवर परिणाम करणारी कोणतीही कृती न्यायालयाने करू नये. दुसरं दार वारसाहक्काचं. कन्झर्व्हेटर येताच कंपनीचे आणि तिच्या भागधारकांचे सगळे हक्क, मालकी आणि अधिकार एफएचएफएकडे जातात. म्हणजे कंपनीच्या वतीने भागधारकाने दावा लावायचा म्हटलं, तर तो लावण्याचा हक्क ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच खिशात!

सप्टेंबर २०१४ मध्ये वॉशिंग्टनचे जिल्हा न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी पेरी कॅपिटल या गुंतवणूक फंडाचे आणि इतर भागधारकांचे दावे याच आधारावर फेटाळले. नफा असा ओढून घेतला जाणं पाहून भुवया उंचावणं स्वाभाविक आहे, पण त्या अस्वस्थतेने कायद्याचे स्पष्ट शब्द बदलत नाहीत, असा त्यांच्या निकालाचा सूर होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी बहुतांश निकाल कायम ठेवला. विरोधी मत न्यायमूर्ती जॅनिस रॉजर्स ब्राउन यांचं होतं आणि ते अत्यंत परखड होतं. राखणदाराचं काम मालमत्ता जपणं आहे, ती कायमची रिकामी करणं हे राखणदारीत बसतच नाही, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

बहुमतातल्या दोघांपैकी डग्लस गिन्सबर्ग यांची नेमणूक रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांनी केली होती आणि पॅट्रिशिया मिलेट यांची डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामा यांनी. त्यामुळे हा निकाल एका पक्षाच्या न्यायाधीशांनी दिला असंही म्हणता येत नाही.

न्यायाधीश लॅम्बर्थ सरकारधार्जिणे होते, असं अनेक भागधारक म्हणतात. तथ्य आहे का?

माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे, आणि त्याची कारणं सविस्तर सांगायला हवीत, कारण हा आरोप फार सहज केला जातो.

लॅम्बर्थ यांची नेमणूक १९८७ मध्ये रेगन यांनी केली. त्यांचा सगळ्यात गाजलेला खटला कोबेल यांचा. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनींचं उत्पन्न सरकारचं ‘इंटिरियर’ नावाचं मंत्रालयीन खातं विश्वस्त म्हणून सांभाळत होतं आणि त्याचा हिशेबच लागत नव्हता. १९९६ मध्ये दाखल झालेल्या त्या खटल्यात लॅम्बर्थ यांनी मंत्र्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं आणि निकालांमधून खात्यावर इतकी कडक भाषा वापरली की जुलै २००६ मध्ये अपील न्यायालयाने खटलाच त्यांच्याकडून काढून घेतला. कारण काय, तर ते *सरकारच्या विरुद्ध* पूर्वग्रह बाळगतात असं बाहेरच्या माणसाला वाटू शकेल!

आता विचार करा. सरकारने विश्वस्त म्हणून दुसऱ्याचा पैसा नीट सांभाळला नाही, या तक्रारीवर इतका संतापलेला हा न्यायाधीश. आठ वर्षांनी त्याच्यासमोर पुन्हा सरकार राखणदाराच्या भूमिकेत येतं आणि तो दावा फेटाळतो. याचा अर्थ त्याच्या मनात सरकारबद्दल मऊ कोपरा होता, असा निघत नाही. दोन खटल्यांतला फरक कायद्यात होता. कोबेल प्रकरणात न्यायालयाला हात बांधणारं कलम नव्हतं, इथे होतं.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. अपील न्यायालयाने कराराशी संबंधित एक छोटा मुद्दा जिवंत ठेवून परत पाठवला. तो मुद्दा लॅम्बर्थ यांनी २०१८ मध्ये फेटाळला नाही, पुढे चालू दिला. भागधारकांना अखेर जो काही विजय मिळाला, तो याच न्यायाधीशाच्या कोर्टात मिळाला.

अमेरिकेत न्यायाधीशाने खटल्यातून कधी बाजूला व्हावं लागतं?

संघीय न्यायाधीशांसाठी मुख्य नियम कायद्याच्या २८ व्या शीर्षकातल्या कलम ४५५ मध्ये आहे. न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणावर वाजवी शंका घेता येईल अशा कोणत्याही खटल्यातून त्याने स्वतःहून माघार घ्यायची. प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध व्हावा लागत नाही, वाजवी शंका पुरते. शिवाय काही बाबतींत पर्यायच नाही: आधी वकील म्हणून त्या प्रकरणात काम केलेलं असणं, जवळचा नातेवाईक पक्षकार किंवा वकील असणं, किंवा पक्षकार कंपनीत आर्थिक हितसंबंध असणं, मग तो कितीही लहान असो. एक शेअर असला तरी माघार.

१९८८ च्या लिल्येबर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की न्यायाधीश आपला हितसंबंध विसरला असला तरी बाहेरून पाहणाऱ्याला शंका येण्यासारखी परिस्थिती असेल तर नियमाचा भंग झालाच. २००९ च्या केपर्टन खटल्यात, वेस्ट व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशाच्या निवडणुकीवर सुमारे ३० लाख डॉलर खर्च करणाऱ्या उद्योगपतीच्या कंपनीचा खटला त्याच न्यायाधीशाने ऐकणं घटनाबाह्य ठरलं.

न्यायाधीशाकडेच फॅनी मेचे शेअर असतील तर?

तर त्याने खटला ऐकू नये. म्युच्युअल फंडामार्फत असलेले शेअर मात्र नियमातून वगळलेले आहेत, न्यायाधीश स्वतः त्या फंडाच्या व्यवस्थापनात नसेल तर. सरकारी रोखे असतील तर निकालाने त्यांच्या किमतीवर मोठा परिणाम होणार असेल तेव्हाच अडचण. आणि न्यायाधीशही करदाता आहे, सरकार जिंकलं तर त्याच्याही देशाच्या तिजोरीत पैसे जातात, हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. तो धरला तर सरकारविरुद्धचा एकही दावा ऐकायला न्यायाधीश मिळणार नाही.

नियम कडक, पण पाळला जात होता का? वॉल स्ट्रीट जर्नलने सप्टेंबर २०२१ मध्ये दाखवून दिलं की २०१० ते २०१८ या काळात १३१ संघीय न्यायाधीशांनी स्वतःचे किंवा कुटुंबीयांचे शेअर असलेल्या कंपन्यांचे ६८५ खटले ऐकले होते. हे वाचून धक्का बसला नाही असा वकील मला भेटलेला नाही. त्यानंतर मे २०२२ मध्ये कायदा झाला आणि न्यायाधीशांचे आर्थिक तपशील सर्वांना शोधता येतील अशा रीतीने ऑनलाइन ठेवणं, शेअरचे व्यवहार लवकर जाहीर करणं बंधनकारक झालं. ज्यांना खरोखर शंका आहे त्यांनी आता अफवांवर विसंबू नये, ही विवरणं पाहावीत.

एकामागून एक निकाल विरुद्ध गेले. हाच पक्षपाताचा पुरावा नाही का?

नाही. १९९४ च्या लिटेकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की केवळ निकालांच्या आधारे पक्षपाताचा अर्ज जवळजवळ कधीच टिकत नाही. निकाल चुकला असेल तर अपील हा मार्ग आहे.

सर्वोच्च न्यायालयात तरी काय झालं?

कॉलिन्स विरुद्ध येलेन. युक्तिवाद डिसेंबर २०२० मध्ये झाले, निकाल २३ जून २०२१ रोजी आला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती अलिटो यांचं. या खटल्यात भागधारक पाचव्या सर्किटच्या, म्हणजे एका विभागीय अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठापुढे आधी जिंकले होते, त्यामुळे आशा फार होत्या.

कायद्याच्या मुद्द्यावर सगळे नऊ न्यायाधीश सरकारच्या बाजूने गेले. २००८ च्या कायद्यात एक वाक्य आहे: कन्झर्व्हेटर कंपनीच्या *किंवा संस्थेच्या स्वतःच्या*, म्हणजे एफएचएफएच्या, हिताची वाटेल ती कृती करू शकतो. या शब्दांनी खटला संपवला. संस्थेचं हित म्हणजे पर्यायाने जनतेचं हित, असा अर्थ न्यायालयाने लावला, आणि नफा ओढून घेण्यामागे गृहकर्ज बाजार स्थिर ठेवण्याचा हेतू असू शकतो, म्हणून ही कृती राखणदाराच्या अधिकारात बसते असं ठरवलं. एकदा ती अधिकारात बसली की मनाईचं कलम लागू, आणि प्रकरण बंद. परंपरेतला राखणदार वेगळा आणि या कायद्यातला वेगळा, हे न्यायालयाने मान्य केलं. मुलाच्या जमिनीचं उत्पन्न गावाच्या भल्यासाठी वापरायची मुभा पालनकर्त्याला कायद्यानेच दिली होती, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या मुद्द्यावर भागधारक जिंकले, पण हाती काही आलं नाही. एफएचएफएच्या संचालकाला राष्ट्राध्यक्ष विनाकारण काढू शकत नाहीत ही तरतूद घटनाबाह्य ठरली. बायडेन यांनी त्याच दिवशी संचालक मार्क कॅलाब्रिया यांना हटवलं. तिसऱ्या दुरुस्तीवर मात्र सही केली होती ती हंगामी संचालक एडवर्ड डीमार्को यांनी, ज्यांना काढण्यावर असं बंधन नव्हतं. म्हणून दुरुस्ती रद्द झाली नाही. नुकसान सिद्ध करण्यासाठी प्रकरण खाली गेलं. आपल्याला अधिकार असता तर आपण आधीच्या संचालकाला काढलं असतं, असं ट्रम्प यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये सिनेटर रँड पॉल यांना पत्राने कळवलं. तेही उपयोगी पडलं नाही.

नऊच्या नऊ न्यायाधीश, उदारमतवादी कॅगन आणि सोटोमेयर यांच्यापासून पुराणमतवादी थॉमस आणि गॉरसिच यांच्यापर्यंत, एकाच वाक्याचा एकच अर्थ लावत असतील, तर दोष वाक्यात शोधायला हवा. ते २००८ च्या जुलैत घाईघाईने लिहिलं गेलं.

सरकारविरुद्धच्या भरपाईसाठी वेगळं कोर्ट आहे म्हणे?

हो, वॉशिंग्टनमधलं फेडरल क्लेम्स कोर्ट. तिथे ज्यूरी नसते आणि न्यायाधीशांची नेमणूक आयुष्यभरासाठी नसून १५ वर्षांच्या मुदतीची असते. म्हणून अनेकांना ते सरकारचंच घर वाटतं. पण याच कोर्टाच्या न्यायाधीश मार्गारेट स्वीनी यांनी फेअरहोम फंडाच्या खटल्यात, सरकारने गोपनीय म्हणून दडवलेल्या कागदपत्रांपैकी काही तपासायला घेतली आणि ती उघड करायला लावली. २०१२ च्या निर्णयामागे काय शिजत होतं हे जगाला कळलं ते त्यामुळे. दाव्याचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो पूर्ण फेटाळला. इतक्या कडक नियमनाखालच्या कंपनीत भागधारकांना सरकारला दूर ठेवण्याचा हक्कच नव्हता, म्हणून सरकारने त्यांचं काही ‘घेतलं’ असं होत नाही, हा तर्क. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. हा तर्क मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या अशा कोणत्याही नियंत्रित उद्योगाला लावता येईल.

मग भागधारक कुठेच जिंकले नाहीत?

एका ठिकाणी जिंकले. लॅम्बर्थ यांच्यासमोर उरलेला मुद्दा असा होता: शेअर हा कंपनी आणि भागधारक यांच्यातला करार आहे, आणि करार प्रामाणिकपणे व रास्तपणे पाळायचं बंधन प्रत्येक करारात गृहीत असतं. तिसऱ्या दुरुस्तीने ते मोडलं का? फॅनी मेला डेलावेअर राज्याचा आणि फ्रेडी मॅकला व्हर्जिनियाचा कायदा लागू झाला.

बुडालेल्या भावी लाभांशाची भरपाई अंदाजावर आधारलेली म्हणून लॅम्बर्थ यांनी आधीच वगळली होती. दुरुस्ती जाहीर झाली त्या दिवशी शेअरची किंमत जेवढी पडली, तेवढंच नुकसान मागता येणार होतं. २०२२ च्या शरद ऋतूतल्या पहिल्या सुनावणीत ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्यांदा नवी ज्यूरी बसली आणि १४ ऑगस्ट २०२३ रोजी तिने एकमताने भागधारकांच्या बाजूने कौल दिला: ६१ कोटी २४ लाख डॉलर. मागितले होते १.६ अब्ज. व्याज धरून पुढे आकडा सुमारे ८१ कोटींवर गेला.

यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. हे पैसे देणार कोण? फॅनी मे आणि फ्रेडी मॅक. ज्या ट्रेझरीने पैसे नेले, ती या टप्प्यावर खटल्यात नव्हतीच.

पण सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने, सगळी कागदपत्रं पाहून, सरकारी संस्थेचं वागणं रास्त नव्हतं असं एकमताने म्हटलं, ही नोंद आता कायमची आहे. इतक्या वर्षांत ‘हे रास्त होतं का?’ हा प्रश्न प्रथमच कोणी थेट विचारला होता. आधीच्या प्रत्येक कोर्टात प्रश्न ‘हे अधिकारात बसतं का?’ एवढाच होता.

एआयजीच्या खटल्यातही असंच झालं ना?

बरंचसं. विमा कंपनी एआयजीला २००८ मध्ये वाचवताना सरकारने तिथेही जवळजवळ ८० टक्के हिस्सा घेतला. जून २०१५ मध्ये न्यायाधीश थॉमस व्हीलर यांनी सरकारने हा हिस्सा बेकायदा घेतला असं ठरवलं आणि भरपाई दिली शून्य, कारण मदत मिळाली नसती तर कंपनी बुडालीच असती आणि शेअरला किंमत उरली नसती. २०१७ मध्ये अपिलात तो निकालही गेला. न्यायाधीश तुमच्या बाजूने असूनही हात रिकामे राहू शकतात, ते असे.

तक्रार करणारे सगळे हेज फंडच आहेत. त्यांची कणव कशाला?

काही हेज फंडांनी, म्हणजे श्रीमंतांचा पैसा जोखमीत गुंतवणाऱ्या फंडांनी, २००८ नंतर, पडेल भावात, खटला जिंकण्याच्या आशेनेच शेअर घेतले हे खरं आहे. पण ताबा घेतला गेला तेव्हा हे प्रेफर्ड शेअर छोट्या स्थानिक बँकांकडे, निवृत्तांकडे, सुरक्षित म्हणून घेतलेल्या सामान्य गुंतवणूकदारांकडे होते. २०१० मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारातून दोन्ही कंपन्या बाहेर पडल्या तेव्हा यातले कित्येक जण मिळेल त्या भावात विकून मोकळे झाले. आणि समजा सगळेच श्रीमंत असते, तरी करार पाळला गेला की नाही या प्रश्नाचं उत्तर पक्षकाराच्या बँक खात्यावर ठरू नये. आज ते श्रीमंत फंडाविरुद्ध ठरलं, तर उद्या तोच दाखला पेन्शनरविरुद्ध दाखवला जाईल.

मग पक्षपात आहेच नाही का?

आहे, पण कायद्याच्या रचनेत. नियम करणारा, ताबा घेणारा, भागधारकांचे हक्क हाती असणारा आणि नफा घेणारा ही सगळी सरकारचीच रूपं असतील, आणि न्यायालयाला हात लावायला मनाई असेल, तर सगळ्यात निःपक्षपाती न्यायाधीशही तुम्हाला न्याय देऊ शकत नाही. न्यायाधीशांवर चिखल उडवून ही रचना बदलत नाही. उलट आरोप ऐकून ऐकून लोक कंटाळतात आणि खरा मुद्दा मागे पडतो. बदल हवा तर तो संसदेत: संकटकाळात न्यायालयाने अडवू नये हे समजू शकतं, पण काही वर्षांनी तरी राखणदाराच्या हिशेबाची तपासणी न्यायालयाला करता आली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये या ‘तात्पुरत्या’ ताब्याला १७ वर्षं पूर्ण झाली.

भारतात असं घडलं तर भागधारकाला काय हक्क आहेत?

जवळचं उदाहरण मुंबईचंच आहे: दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमला आणि प्रकरण दिवाळखोरी संहितेखाली नेलं. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने पिरामल समूहाची योजना मंजूर केली आणि जुन्या शेअरची किंमत शून्य झाली. अनेक मराठी घरांत ते शेअर होते. फरक असा की तिथे कंपनी खरोखर दिवाळखोरीत गेली होती आणि रांगेत भागधारक शेवटी, हे आधीपासून कायद्यात लिहिलेलं होतं. फॅनी आणि फ्रेडी नफ्यात असताना भागधारकांचा वाटा गेला.

येस बँकेचं प्रकरण आणखी बोलकं आहे. मार्च २०२० मध्ये प्रशासकाने सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर पैसे बुडू शकतात अशा अटीचे रोखे, शून्य केले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, पुनर्रचना योजना अमलात आल्यावर प्रशासकाला तो अधिकारच उरला नव्हता असं म्हणून तो निर्णय रद्द ठरवला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण प्रशासकाच्या अधिकाराची सीमा कोर्टाने तपासली, आणि तशी ती तपासायला आपल्याकडे कोणत्या कलमाने मनाई केली नव्हती, हे महत्त्वाचं.

न्यायाधीशाने बाजूला होण्याबाबत मात्र भारत मागे आहे. अमेरिकेच्या कलम ४५५ सारखा लेखी कायदा आपल्याकडे नाही. १९८७ च्या रणजित ठाकूर खटल्यापासून कसोटी अशी की पक्षकाराच्या मनात पक्षपाताची वाजवी भीती निर्माण होते का. माघार घ्यायची की नाही हे शेवटी तो न्यायाधीश स्वतःच ठरवतो, आणि बहुतेकदा कारणही लिहीत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो. माझं घरकर्ज यांच्याकडे असेल तर मला काही धोका?

खटल्यांमुळे नाही. तुम्ही कर्जदार आहात, भागधारक नाही. तुमचा व्याजदर आणि अटी कर्जाच्या करारात पक्क्या झालेल्या आहेत, कंपनीची मालकी कोणाकडेही गेली तरी त्या बदलत नाहीत. तुमचं कर्ज यांच्याकडे आहे का हे दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पत्ता टाकून पाहता येतं. २०२५ साठी एका कुटुंबाच्या घरावरच्या कर्जाची या कंपन्यांसाठीची मूळ मर्यादा ८,०६,५०० डॉलर होती, महागड्या भागांत त्याहून जास्त. हप्ता मात्र नेहमीच्याच ठिकाणी भरत राहा, कारण हप्ते गोळा करणारी कंपनी बहुतेक वेळा वेगळीच असते.